तायडे सरांची दुरुस्ती

सुखदेव तायडे गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला. सकाळचा पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. "काका, चष्मा डोळ्यांवरच होता," एवढंच ती बोलली. दीड महिना झाला. आज लिहायला बसलो, तरी मी त्यांना सरच म्हणतो, ते मला सरच म्हणत. आसेगावच्या हायस्कुलात आम्ही एकाच वर्षी लागलो, मी गणिताला आणि ते विज्ञानाला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. सरकारी योजनेतून आमच्या घरामागे गोबरगॅस बांधला, तो सरांच्या आग्रहामुळे. पहिल्याच हिवाळ्यात गॅस बंद पडला. आई चिडली. "शेणाचा खड्डा करून ठेवला, आता बुजवून टाक," असं मलाच म्हणाली. सर मात्र रोज सकाळी शाळेआधी येत. टाकीभोवती कडबा रचला, उन्हात तापवलेल्या पाण्यात शेण कालवायला लावलं. "त्यात जिवंत जंतू हायेत, आई, बॅक्टेरिया म्हणतात त्यायले. थंडीनं त्यायचं काम मंदावते. बंद टाकीत, हवेशिवाय जगतात ते. हवा लागली का मेले." अकराव्या दिवशी शेगडी पेटली. पेटवली आईनं. सर ओसरीवरच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून चावी किती फिरवायची ते सांगत होते. त्यांचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मला ते कळत होतं. मी बोललो नाही... ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

त्यानंतर चार-पाच वर्षं सर त्या टाकीचं उदाहरण देऊन वर्गात बॅक्टेरिया शिकवत. पुस्तकातही तसंच होतं. अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला नागपूरला शिकणाऱ्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं एका इंग्रजी मासिकाचं पान पाठवलं. सरांनी डिक्शनरी घेऊन ते तीनदा वाचलं. पेशीत प्रथिनं तयार करणारा जो भाग सगळ्याच सजीवांत असतो, त्याची रचना अमेरिकेत कुणी निरनिराळ्या जीवांत ताडून पाहिली होती. गोबरगॅससारखा वायू बनवणारे हे जंतू बॅक्टेरियांपासून फार दूरचे निघाले होते, इतके की बॅक्टेरिया आणि झाडं-प्राणी या दोहोंपलीकडे त्यांची वेगळी, तिसरीच शाखा मानावी लागेल, असं त्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात सर म्हणाले, "मी तुमाले चूक शिकवलं. दुरुस्त करून घ्या." ते ऐकून हेडमास्तरांनी त्यांना बोलावून घेतलं. परीक्षा तोंडावर आलेली. पोरं पेपरात भलतंच लिहून आली आणि निकाल पडला, तर शाळेला जाब द्यावा लागेल, तुमची नोकरीही अजून कायम नाही, असं त्यांनी बजावलं. सर वर्गात परतले. "पेपरात पुस्तकातलं लिहा," ते म्हणाले, "ध्यानात खरं ठेवा." मग पास होऊन गेलेल्या मुलांना त्यांनी पोस्टकार्डं लिहिली. कोणी इंझोरीला शेती करत होतं, कोणी मुंबईत पोलिसात होतं. या मुलांना आता त्या जंतूंशी काय देणंघेणं, असं मी विचारलं. सर म्हणाले, "त्यायले नसंल. मले हाये. सांगतलं तर मीच होतं."

त्या रविवारी ते आमच्या घरी आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आई, तुमाले मी एक चुकीचं सांगतलं होतं. टाकीतले ते जंतू बॅक्टेरिया नाहीत. त्यायचं कूळच निराळं हाये."

आई भाकरी थापत होती. "मंग इतके दिवस बॅक्टेरिया काहून म्हणत होते?"

"दिसाले सारखे. लोकायनं वरून पाहून ठरवलं. आत कोणी पाह्यलंच नव्हतं."

आईचे हात थांबले. हातांचं पीठ झटकून ती म्हणाली, "मास्तर, आत येऊन सांगा. इथं शेगडीपाशी बसा. मले तिथून आयकू येत नाही."

आईचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. सर चपला काढून आत गेले, पाटावर बसले, आणि आईनं तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात वाढली. त्या दिवसानंतर सर घरी आले की थेट शेगडीपाशी जात.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीनं मला एक जाड वही आणून दिली. पहिल्याच पानावर शीर्षक आहे, 'मी चुकीचे शिकवलेले'. पुढच्या पानांवर वर्षांमागून वर्षांच्या नोंदी, शाई बदलत गेलेली. या जंतूंच्या 'आर्किबॅक्टेरिया' या नावातून 'बॅक्टेरिया' हा शब्दच पुढे गळला आणि 'आर्किया' उरलं, तेही टिपलेलं. शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात आहे. वनस्पती, प्राणी, माणूस हे सगळे या आर्कियांच्याच एका फांदीतून निघाले असावेत, असं आता म्हणतात, असं लिहून पुढे सरांनी विचारलंय, 'म्हणजे आपण त्यांच्याच भावकीतले? तपासणे.'

खाली अर्धं पान कोरं सोडलेलं आहे.