आठशे चौसष्ट मिनिटांची रजा

यंत्राला रजा देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. महिना संपत आला की मस्टरकाका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि घरात लग्नाची मुलगी असल्याच्या काळजीने म्हणायचे, "अजून सहाशे मिनिटं शिल्लक आहेत गो. वाया जातील." सर्व्हर महिनाभर न कुरकुरता चालला याचा आनंद बाकीच्या जगाला व्हायचा. काकांना हळहळ वाटायची.

आता हा काय प्रकार आहे ते सांगायला हवं, नाहीतर काका वेडे वाटतील. ते वेडे नव्हते, निदान तसे नव्हते. वेबसाइटच्या नावात टिंबानंतर जे शेपूट असतं, तशा काही शेपटांची नोंदवही आमची कंपनी सांभाळते. ते शेपूट लावून कोणी कोणतं नाव घेतलं, कोणाची मुदत संपली, कोणी वाढवली, हे सगळं आमच्याकडे नोंदलं जातं. अंधेरीत, मरोळच्या एका गल्लीत, खाली पापडाचं गोदाम आणि वर आम्ही. या कामाचा जो करार असतो त्यात लिहिलेलं आहे की नोंदणीची सेवा महिन्यात जास्तीत जास्त आठशे चौसष्ट मिनिटं बंद राहिली तर चालेल. त्यापुढे गेलात तर जाब विचारला जाईल. आणि ही मिनिटं आम्ही मोजायची नसतात. परदेशातली वरची संस्था जगभरातून आमचं दार दर थोड्या वेळाने ठोठावून बघते आणि आतून ओ आली नाही की लिहून ठेवते.

करार वाचायला कंपनीला एक माणूस हवा होता. इंजिनियर करार वाचत नाहीत आणि वकील ठेवणं कंपनीच्या साहेबांना परवडत नव्हतं. म्हणून काका आले. त्याआधी ते भांडुपच्या एका कारखान्यात कामगारांचं मस्टर आणि रजा बघत. कारखाना गेला, तिथे टॉवर उभा राहिला, टॉवरमध्ये मस्टर ठेवत नाहीत. साहेबांच्या वडिलांशी काकांची जुनी ओळख होती. शब्द टाकला गेला आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काका इंटरनेटच्या धंद्यात पडले. इंटरनेटला याची कल्पना नव्हती.

रोज सकाळी चहा झाला की ते कराराची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत उघडून बसत. आम्हाला वाटायचं काका करार वाचतायत. खरं तर ते त्यात रजेचे नियम वाचत होते. "कुठलाही करार घे," ते म्हणायचे, "शेवटी त्यात एकच गोष्ट असते. कोण किती वेळ गैरहजर राहिला तर खपवून घ्यायचं." आठशे चौसष्ट मिनिटं ही त्यांच्या मते सर्व्हरची हक्काची रजा होती. हक्काची रजा न घेणाऱ्या कामगाराविषयी त्यांना कारखान्यापासून संशय होता. असा माणूस एकतर मालकाचा चमचा असतो किंवा त्याचं घरी बायकोशी पटत नसतं.

सर्व्हर बंद ठेवून काही दुरुस्ती करायची असेल, तर आम्ही त्याच्या वतीने अर्ज करायचा. खरोखरचा, कागदावर. मी नवीन असताना कारणाच्या रकान्यात 'सॉफ्टवेअर अद्ययावत करणे' असं छान लिहून नेलं. काकांनी कागद परत दिला. "खरं कारण लिही." मी चिडून लिहिलं, 'गेल्या महिन्यात कंटाळा केल्यामुळे.' "आता कसं!" म्हणत त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

एका सेवेला मात्र रजाच नव्हती. कोणतं नाव कुठल्या पत्त्यावर राहतं हे जगाला सांगणारी जी सेवा असते, तिला करारात बंद राहायला शून्य मिनिटं आहेत. त्याबद्दल काका म्हणाले, "तिका रजा कसली? घरातली बाईच ती." मी विचारलं, "म्हणजे काकूंना रजा नाही?" काका विचारात पडले. "ती मागत नाय," ते म्हणाले, आणि काकूंनी पहाटे उठून भरलेल्या डब्यातली सुकट भाकरीवर घेऊन शांतपणे जेवू लागले.

मी त्यांची नक्कल झकास करायचे. कँटीनमध्ये चष्मा नाकावर आणून मी म्हणायचे, "सर्व्हर क्रमांक दोन, तुमची कॅज्युअल मंजूर. गावाक जाऊन येवा, पण येताना फणस हाडा." पोरं टेबल बडवायची. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आलेल्या मुलीला ऑफिसात लोकप्रिय व्हायला याहून सोपा रस्ता नव्हता.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी काम नव्हतं म्हणून मी ती स्पायरलची प्रत चाळली. त्यात एक वाक्य होतं. तुम्ही ठरवून बंद ठेवा किंवा बिघाड होऊन बंद पडो, मिनिटं एकाच बेरजेत धरली जातील. काकांचा समज उलटा होता. त्यांच्या डोक्यात दुरुस्तीची मिनिटं म्हणजे कॅज्युअल आणि बिघाडाची मिनिटं म्हणजे सिक लीव्ह, आणि सिक लीव्ह वेगळी मिळते हे जगात कोणाला सांगावं लागतं? आजवर मोठा बिघाड झाला नव्हता म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला ते कळलं आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी नकलेत सिक लीव्हचा एक नवा प्रवेश मात्र घातला. तो फारच रंगला.

त्यानंतर तीन महिन्यांनी व्हायचं ते झालं. सव्वीस तारखेला काकांनी नोंदणीच्या सर्व्हरला सातशे मिनिटांची सणसणीत रजा मंजूर केली. त्यातली तीनेकशे मिनिटं खरोखर कामाची होती, उरलेली विश्रांतीची. बंद करायची कमांड मी दिली. आणि तीस तारखेला सकाळी डिस्कच्या कपाटाने मान टाकली. पाच तास आमच्याकडे जगातल्या कोणालाही एक नाव नोंदता आलं नाही की वाढवता आलं नाही. फोन किंचाळत होते. साहेब केबिनमधून बाहेर येत होते आणि काय करावं न कळून परत आत जात होते. काका एकटे निवांत होते. "घाबरू नका रे. आजारपणाचा वेगळा धरतत."

मग मला ते पान त्यांच्यापुढे ठेवावंच लागलं. त्यांनी वाक्य एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"ह्यां इतके दिवस हयच होतां?"

"हो, काका."

"तू कधी वाचलंस?"

"आत्ताच," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात वरून पत्र आलं. मर्यादा ओलांडली, कारण कळवा, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार तेही कळवा. ज्यांचं शेपूट आम्ही सांभाळत होतो ते गिऱ्हाईक वेगळंच कडाडलं. कोणीतरी बळी द्यावा लागणार हे शिपायालाही कळलं होतं. साहेबांनी मीटिंग बोलावली आणि सांगितलं, "आपण 'मानवी चूक' असं लिहू. सव्वीस तारखेची कमांड कोणी दिली होती?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नकलांवर टेबल बडवणाऱ्यांनी सगळ्यात आधी. माझं प्रोबेशन संपायला आठ दिवस होते. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. इथून अशा शेऱ्यानिशी निघाले असते तर पुढे कोणी दारात उभं केलं नसतं.

"कमांड तिने दिली," काका म्हणाले. "रजा मी मंजूर केली."

"काका, हे जरा टेक्निकल आहे. तुम्ही राहू द्या."

"टेक्निकल काय त्यात? नियम मी चुकीचा वाचला. त्या पोरीनं मी सांगितलं ते केलं. मंजूर करणाराक सोडून रजेवर जाणाऱ्याच्या बायकोक नोटीस देतत काय?"

उपमा कोणालाच नीट कळली नाही, पण अर्थ कळला. काकांनी तिथेच कागद ओढून स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. मी तीन महिन्यांपूर्वी ते वाक्य वाचलं होतं. एक शब्द बोलले नाही.

काकांची नेमणूक वर्षा-वर्षाने वाढवली जायची, ती त्या वेळी वाढवली नाही. निरोप समारंभ ठरला होता, केक सांगितला होता. त्या दिवशी काकांनी सकाळीच अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'भाषणे टाळणे'. केक आम्ही खाल्ला. सोमवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

हे झालं दोन वर्षांपूर्वी. मागच्या महिन्यात साहेबांनी एक सल्लागार आणला. बारीक दाढी, पांढरे बूट, बोलताना हात हवेत. त्याने मोठ्या पडद्यावर स्लाइड लावली आणि सांगितलं की जितकी मिनिटं बंद राहायची मुभा आहे, ते आपलं एरर बजेट. ते उरवणं म्हणजे आपण फार भित्रेपणाने काम करतोय. बजेट वापरा, महिन्याच्या शेवटी उरू देऊ नका! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. जो विचार काकांकडून फुकट मिळत होता आणि ज्यावर आम्ही खिदळत होतो, तो इंग्रजीत पैसे मोजून घेतला तेव्हा सगळ्यांना पटला. पुढच्या स्लाइडवर दोन रकाने होते. ठरवून बंद, एक. बिघाडाने बंद, दुसरा. दोन्हींच्या मर्यादा वेगवेगळ्या. मी ते पाहिलं, आणि शेजारचीला कोपराने ढोसून हसले.

संध्याकाळी घाटकोपरला घरी पोचल्यावर हा किस्सा सांगायला काकांना फोन केला. ते खूश झाले. "म्हणजे मी बरोबर होतंय तर!"

"नाही हो, काका. त्याने तुमचीच चूक केलीय. कॅज्युअल वेगळी, सिक वेगळी."

काका खो खो हसले. मग म्हणाले, "सांगलंस मा त्याका?"

मी नाही म्हणाले. आणि का कोण जाणे, दोन वर्षं दडवलेलं बाहेर आलं. "काका, ते वाक्य मी तेव्हा आधीच वाचलं होतं. तीन महिने आधी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकूंनी काहीतरी विचारलं.

"मग बोललंस कित्याक नाय?"

मी नवीन होते, तुम्ही मोठे होतात, अशी दहा कारणं तोंडाशी आली. पण खरं कारण लिही, असं याच माणसाने मला शिकवलं होतं.

"मजा येत होती," मी म्हणाले.

"माझी नोकरी गेली गो त्यात," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "उद्या त्याका सांग. त्याची पण पोरांबाळां असतली." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर उभी राहून ते वाक्य वाचून दाखवलं. सल्लागार लाल झाला. हे खासगीत सांगता आलं असतं, असं साहेब म्हणाले. स्लाइड बदलली.

ते सांगायला मी काकांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. त्यानंतरही चार-पाचदा लावला. घंटी पूर्ण वाजते आणि थांबते. मी तरीही लावते.