ओल्या बाभळीचं चाक

आमच्या गावच्या सुतारानं मला फसवलं. ओल्या बाभळीचं चाक त्यानं वाळलेलं म्हणून माझ्या भट्टीवर आणलं.

साक्रीकडच्या त्या गावात मी लोहार. मागून आणलेला भाता आणि चिंचेखालची जागा, एवढ्यावर भट्टी उभी केली. आमच्या यात्रेत देवाचा भगत माणसांनी भरलेल्या बारा गाड्या एकटा ओढतो. त्या गाड्यांच्या लोखंडकामाचा मान मी पंचांशी चार वर्षं भांडून मिळवला होता.

चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. ती घेरापेक्षा थोडी आखूड ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर चढवायची आणि वर घागरी ओतायच्या. लोखंड आकसतं, लाकडाला आवळून धरतं. पण ओलं लाकूड उन्हाळ्यात स्वतःच आकसतं, मग धाव सैल पडते. म्हणून मी सुताराला म्हणालो, "आबा, ऐरणवर हात ठेव नी सांग."

ऐरणीवर हात ठेवून आमच्याकडे कोणी खोटं बोलत नाही. त्यानं बिनदिक्कत ठेवला. "भाऊ, बठ्ठं वाळेल शे. तीन वरीस छपरामा पडेल व्हतं."

लाकूड काळंभोर दिसत होतं. तेलात काजळी कालवून फासली होती, हे मला फार उशिरा कळलं.

चैत्रात यात्रा भरली. भगतानं जोर लावला, गाड्या हलल्या, आणि पहिल्याच गाडीच्या त्या चाकाची धाव निसटून थेट शेव-रेवडीच्या दुकानात शिरली. दुकानदार टोपली डोक्यावर घेऊन पळाला. कोणाला खरचटलंही नाही, पण सगळं गाव हसलं. सुतार गर्दीतूनच ओरडला, "लोहारभाऊ, तुनी बांगडी पडनी, उचल ना."

मी त्याच्या अंगावर धावलो. चौघांनी धरलं.

संध्याकाळी पंच बसले. मी म्हणालो, "चाक करवतीनं चिरा. आतलं लाकूड ओलं निघालं नाही तर गाव सोडतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुताराच्या हातचा चहा प्यायला, आणि बारा गाड्यांचा मान शेजारच्या गावच्या लोहाराला दिला. ते चाक दुसऱ्या दिवशी सुताराच्या चुलीत गेलं. दिवसभर धूर ओकत होतं. वाळलेलं लाकूड एवढा धूर करतं होय?

पंचांतले दोघे अजून आहेत, पारावर बसतात. त्यांनी मला सांगावं, करवत दहा पावलांवर असताना चाक का चिरलं नाही?