न दुखलेला डाग

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मुरबाडकडच्या एका पाड्यावरची ती सासू अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तिला मी जवळजवळ आत टाकलंच होतं.

सुरुवात पोलीस पाटलांच्या फोनने झाली. "सायेब, आमच्या पाड्यावर सासू सुनेला चटके देते. पोरीची बोटां बघा एकदा." महिला हवालदारांना घेऊन मी गेलो. विशीतली सून तांदळाच्या भाकऱ्या करत होती. उजव्या हाताच्या बोटांवर जुने-नवे फोड आणि कोपराजवळ चांगला बोटभर लांब काळा डाग. कोणी केलं, विचारलं तर म्हणाली, "कोनी नाय." मग बोटं कशी भाजली? "म्हाईत नाय." घाबरलेली बाई असंच बोलते, हे मी कितीतरी जबाबांत पाहिलं होतं. माझं मत तिथेच पक्कं झालं.

सासूला नोटीस देऊन पोलीस ठाण्यात बोलावलं. म्हातारी सरळ बोलली. "कोपराचा डाग मीच दिला, सायेब. विळा तापवून. पांढुरका चट्टा उठला होता. आमच्यात तसाच करतात. बोटांचा मला म्हाईत नाय."

"पोर ओरडली असेल. तरी हात थांबला नाही तुझा?"

"ती नाय ओरडली. तिला दुखलाच नाय."

इतकं निगरगट्ट खोटं ऐकून माझं डोकंच फिरलं. 'उडवाउडवीची उत्तरे देते' असं लिहून मी मोकळा झालो आणि सुनेला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. जखमांचा दाखला मिळाला की अटक, एवढंच डोक्यात होतं.

तिथली त्वचारोगाची डॉक्टर तरुण होती. तिने सुनेला डोळे मिटायला लावले आणि हातावर कापूस टेकवत गेली. "लागलं की सांग." डागाभोवती आणि करंगळीकडच्या दोन बोटांवर पोरगी गप्पच राहिली.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, फोड याच दोन बोटांवर आहेत. छळणारा माणूस बोटं निवडून चटके देतो का?"

आयुष्यभर तपास केलेला मी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

"संशय आहे, पण विळ्याच्या डागाने मूळ चट्टा बिघडलाय," ती म्हणाली. "कडेचा तुकडा तपासावा लागेल." भूल देऊन तिने मसुराएवढी कातडी काढली, औषधाच्या बाटलीत टाकली, वर नाव-क्रमांकाची चिठ्ठी लावली. आमच्या मुद्देमालाला लागते तीच शिस्त. मला भारी कुतूहल वाटलं. अहवाल आला त्या दिवशी मी मुद्दाम प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गुलाबी पट्ट्यात जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके, यापलीकडे काही कळलं नाही.

"हे पुंजके नसेला घेरून बसलेत," डॉक्टरने समजावलं. "कुष्ठरोग आहे. नस बधिर झाली, म्हणून तवा लागलेला तिला कळत नाही. आणखी उशीर झाला असता तर बोटं वाकली असती."

म्हणजे म्हातारी अक्षरन् अक्षर खरं बोलली होती. रोगाचं मुख्य लक्षणच तिने मला सांगितलं होतं, आणि मी त्याला उडवाउडवी ठरवलं. मला मनापासून लाज वाटली. सुनेने तक्रार द्यायला साफ नकार दिला. पुन्हा विळ्याला हात लावायचा नाही अशी सक्त समज सासूला दिली, आणि तिची माफीही मागितली. तिचं माफीकडे लक्षच नव्हतं. "पोर बरी व्हईल ना?" एवढंच ती विचारत राहिली. रोग औषधाने जाईल, बोटांची जाणीव परत येईलच असं नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. मी तेच सांगितलं.

माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, अशी मला घमेंड होती. ती उतरली. पुढे नोकरीत जे उत्तर पटलं नाही, तेच मी आधी शब्दशः उतरवून घेऊ लागलो.

औषधं सुरू होऊन काही महिने झाले असतील. एका सकाळी म्हातारी धापा टाकत ठाण्यात शिरली. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"सायेब, आज भाकर परतताना सून बोंबलली! करंगळीला चटका बसला तिच्या!"

मी उठून तिला खुर्ची दिली आणि अख्ख्या ठाण्यासाठी चहा सांगितला.