हणमंत मास्तरांचा राजीनामा

हणमंत साळोखे मूळचे सातारा जिल्ह्यातले. मराठा पलटणीत उमेदीची वर्षं गेली, पासष्ट आणि एकाहत्तर अशा दोन्ही लढाया पाहिल्या, आणि झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते गावी न जाता झाशीतच राहिले. कारण साधं होतं. बायको अनुसूया इथंच वाढलेली. तिचे वडीलही फौजी, ओरछा गेटजवळ घर करून कायमचे राहिलेले. गावाकडं भावकीची भांडणं, इथं डोक्यावर छप्पर आणि सासऱ्यांच्या चार ओळखी. त्याच ओळखीतून बरुआसागरच्या एका शाळेत पी.टी.च्या मास्तरांची जागा मिळाली, आणि पुढं म्हातारपणापर्यंत ते तिथंच टिकले. मध्ये एकदाच ती नोकरी जाता जाता राहिली, तीही त्यांच्याच डोक्यातल्या मराठीमुळं.

रोज सकाळी मास्तर बसनं बरुआसागरला जात. सहावीला गणित शिकवत आणि संध्याकाळी मुलींचा खो-खो घेत. मुलींना खो-खो हे खूळ त्यांचंच. बाकीच्या शिक्षकांना हॉकीपलीकडं खेळ माहीत नव्हता, त्यामुळं कुणी हातभार लावला नाही. मास्तरांनी स्वतः जमीन चोपली, पाणी मारलं, फक्कीनं रेषा आखल्या, दोन टोकांना खांब रोवले. पोरी अनवाणी खेळायच्या, म्हणून मैदानात जोडा घालून पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा हुकूम. हेडमास्तरसुद्धा चपला काढून येत.

मास्तरांची हिंदी पलटणीतली. हुकूम द्यायला भरपूर, गप्पा मारायला तुटपुंजी. अडलं की ते सरळ मराठीवर येत, आणि समोरच्याला कळलं नाही तर तेच पुन्हा मोठ्यानं सांगत.

संघ पहिल्यांदाच झाशीच्या जिल्हा सामन्यांना निघायचा होता, रविवारी. त्याच आठवड्यात विश्वंभर दुबे सराव चालू असताना मैदानात शिरले. दुबे आलं-हळदीचे आडते, शाळेच्या कमिटीवर, आणि त्यांची कुसुमा संघातली सगळ्यात चपळ पोरगी. घरी पाहुणे आले होते, म्हणून तिला न्यायला आले आणि जोड्यांसकट थेट मधल्या पट्टीवरून चालू लागले. मास्तरांनी त्यांचं कोपर धरलं आणि सगळ्या पोरींच्या देखत रेषेबाहेर नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी कुसुमा शाळेत आली नाही. मुलगी खेळणार नाही, असा दुबेंचा निरोप मात्र आला. तिचं बघून आणखी तिघीचौघींच्या घरचे चुळबुळ करायला लागले. हेडमास्तर नीलकंठ पाठक भांडणाला भिणारे. त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "साळोखेजी, बात मत बढ़ाइए. राजीनामा कर लीजिए."

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण फौजी माणूस, वरिष्ठाशी हुज्जत घालायची नाही. ते "ठीक है" म्हणाले, खाडकन सलाम ठोकला आणि निघाले ते थेट बसस्टँडवर. पाठकांचा जीव भांड्यात पडला. मास्साब येताहेत, असं त्यांनी दुबेंना कळवूनही टाकलं. दुबेंनी कचोऱ्या तळून घेतल्या, शेजारचे दोघं बसवले आणि अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मग जास्तच चिडले.

मास्तरांनी घरी ब्र काढला नाही. सकाळी रोजच्यासारखी शिट्टी गळ्यात घालून निघायचे आणि मानिक चौकात एका जुन्या फौजी दोस्ताच्या सायकल दुकानात बसून राहायचे. नोकरीचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. पण पोरींना काही न सांगता निघून आलो, हे त्यांना खात होतं. चारच्या सुमारास, सरावाच्या वेळी, तर दुकानात बसवत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा शिपाई घरी आला. मास्साब राजीनामा करायला गेलेच नाहीत, दुबेजी बिघडलेत, पोरी मैदानात नुसत्या बसून असतात, असं त्यानं अनुसूयेला सांगितलं. तो गेल्यावर तिनं नवऱ्याला समोर बसवून खोदून खोदून विचारलं, आणि सगळा उलगडा झाल्यावर कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, इकडं राजीनामा म्हणजे सुलह, समेट. आपल्या गल्लीत रोज होतात. नोकरी सोडा म्हणायचं असतं तर इस्तीफा म्हणाले असते ना."

मास्तर आधी ओशाळले, मग त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच तोंड आणखी उतरलं. सातारचा राजीनामा त्यांनी एका क्षणात देऊन टाकला होता. हा इथला राजीनामा म्हणजे दुबेंच्या दारात हात जोडायचे. चूक त्याची, जोडे त्याचे, आणि माफी आपण मागायची? त्यापेक्षा गैरसमजच बरा होता, असं ते पुटपुटले.

"तुमचं बरं आहे," अनुसूया म्हणाली. "ऐट तुम्ही मिरवायची आणि घरी पोरींनी बसायचं."

शनिवारी मास्तर दुबेंच्या अंगणात जाऊन उभे राहिले. शब्दाचा घोटाळा सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ती सबब वाटली असती, म्हणून गिळून टाकलं. त्यांनी हात जोडले. सगळ्यांसमोर तुमचा हात धरला, ती माझी गलती, असं सरळ म्हणाले. शेजारचे ऐकत होते. दुबे खुलले, त्यांनी खाट पुढं सरकवली, पाणी मागवलं. पाणी घेऊन कुसुमाच आली आणि दाराशी थांबली. मग दुबेंना उगाच लहर आली.

"और मास्साब, मैं फिर जूते पहनकर आ गया तो?"

मैदान तुमचंच, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. मास्तरांना ते कळत होतं. त्यांनी एकदा पोरीकडं पाहिलं. जीव तुटत होता, पण तोंडातून खोटं निघेना.

"तो फिर बाहर निकालूँगा, दुबेजी. इस बार हाथ जोड़कर निकालूँगा."

शेजारच्यांनी माना खाली घातल्या.  दुबेंनी दाराकडं वळून मुलीला सांगितलं, की उद्या झाशीची सकाळची पहिली बस पकडायची आहे, आज लवकर झोप.