त्रयस्थ पक्षाच्या गावी

नागपूरहून भोपाळला जाणारी गाडी सकाळची होती आणि मला झोप हवी होती. सरकारी कामाला निघालेल्या माणसाचा प्रवास असाच सुरू होतो, निसर्ग वगैरे नंतर. खिडकीशी बसले, पर्स मांडीवर घेतली आणि काटोलच्या संत्र्याच्या बागा यायच्या आतच डोळा लागला.

मी केंद्र सरकारच्या एका खात्याची विधी अधिकारी आहे. कुठल्या ते सांगत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं झाकायचं काम केलं की स्वतःचंही सांगवत नाही. लोक माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. खातं काही देतं, काही देत नाही. जे देत नाही ते का देत नाही, हे सांगायला मला पाठवतात. खरं बोलायचं तर बहुतेक वेळा मी साहेबलोकांच्या चुकांवर ‘खाजगी बाब’ नावाचं पांघरूण घालत असते. नोकरी आहे. पण त्याचा शीण येतो, आणि तो झोपेनं जात नाही.

या खेपेचं प्रकरण मात्र वेगळं होतं. आमच्या खात्यात नकाशे काढणारी एक बाई आहे. तिला वंदना म्हणू. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती मुलीला घेऊन अमरावतीहून बाहेर पडली. खात्यानं तिची बदली केली. नवऱ्यानं अर्ज टाकला: माझी पत्नी सध्या कोणत्या कार्यालयात आहे, आणि राहते कुठे? अर्ज नागपूरला आला. माहिती भोपाळकडे, म्हणून आमच्या लोकांनी नियमाप्रमाणे तो भोपाळला वर्ग केला आणि नियमाप्रमाणेच अर्जदाराला तसं कळवलं. म्हणजे पत्ता नाकारण्याआधी आम्ही शहर देऊन बसलो होतो! भोपाळमध्ये खात्याची कार्यालयं बरीच, वस्ती अफाट, एवढाच काय तो आडोसा उरला होता. पत्ता देता येत नाही असं उत्तर गेल्यावर नवऱ्यानं वरच्या साहेबांकडे अपील केलं. त्या अपिलात तिचं घर त्याच्या हाती लागू द्यायचं नाही, एवढ्यासाठी मी चालले होते.

बैतूलच्या पुढे सातपुडा लागला. फाल्गुन होता, पळस पेटला होता. समोर इटारसीचे एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी पेरूच्या फोडी पुढे केल्या आणि मी काय करते ते विचारलं.

“सरकारी वकील हूँ. लोग सरकार से जो पूछते हैं, वो नहीं बताने का काम है.”

“और तनख़्वाह इसी की मिलती है?”

“इसी की.”

मास्तर हसून हसून खोकायला लागले. नर्मदा आली तशी डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मागायचं काय ते सुचलं नाही. पलीकडे सागाचं जंगल, चढ, मग मंडीदीपची धुराडी. मिसरोद आलं की भोपाळकर सीटखाली चपला शोधायला लागतात, तसा सगळा डबा वाकला.

स्टेशनवर देशकर आले होते. भोपाळ कार्यालयाचे जनमाहिती अधिकारी, म्हणजे माहितीच्या अर्जांना उत्तरं देणारा माणूस. त्यांचे वडील वर्ध्याहून इथल्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले.

“मॅडम, ट्रेन राइट टाइम आली, कमाल झाली! लगेज द्या ते. टेन्शन नका घेऊ, मी सगळं सेट करून ठेवलंय.”

असं कुणी म्हणालं की मला टेन्शन येतं, पण त्या वेळी लगेज उचलायला माणूस मिळाला याचाच आनंद होता.

देशकरांनी आधी बडा तालाब दाखवला. इथली माणसं पाहुण्याला पाण्यापाशी नेल्याशिवाय घरी नेत नाहीत. पाणी पसरलेलं, पलीकडचा काठ उन्हात विरघळलेला. मला बरं वाटलं. मग जुन्या शहरात एका टपरीवर चहा घेतला. पहिल्याच घोटाला मी तोंड वाकडं केलं, कारण चहा खारट होता.

“को ख़ां, मैडम को बताया नहीं?” चहावाला देशकरांवर डाफरला. (‘को ख़ां’ म्हणजे आपलं ‘काय राव’.) “नमकवाली है, बहनजी. यहाँ यही चलती है. दूसरा घूँट लीजिए, आदत पड़ जाएगी.”

दुसरा घेतला. सवय नाही लागली, पण संपवला.

संध्याकाळी कारखान्याच्या वसाहतीत, बरखेड्याला, देशकरांच्या घरी जेवण होतं. वहिनींनी बाफले केले होते (कणकेचे गोळे आधी उकडतात, मग भाजून तुपात बुडवतात). सोबत डाळ, आणि आपल्या गावची आठवण म्हणून ठेचा. पानावर आणखी एक बाई बसली होती, चाळिशीच्या आतली. उजवा हात कोपरात धड सरळ होत नव्हता, धड वाकत नव्हता. घास तोंडाशी नेताना ती मानच खाली आणायची.

“ही आपली वंदना,” देशकर म्हणाले. “म्हटलं मराठी माणसं आहोत, एकत्र जेवू. आणि मॅडम, मी एकदम कायद्यानं चाललोय. त्रयस्थ पक्षाला पण नोटीस दिली. उद्या ती पण येणार सुनावणीला.”

माझा घास हातातच राहिला. ज्याच्याविषयी माहिती मागितली जाते, तो त्रयस्थ पक्ष. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय माहिती द्यायची नाही, हा नियम त्याच्याच भल्याचा आहे. पण ते म्हणणं लेखी चालतं.

“लेखी घेतलं नाही का हो?”

“घेतलं ना! पण अपिलाचे साहेब म्हणाले, सामने बोलावलेलं बरं. माणूस सामने असला की गोष्टी सुलझतात.”

“देशकर, जो हिला शोधतोय त्याच्याच खोलीत तुम्ही हिला नेऊन बसवताय.”

वहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं की मला पुढे बोलावं लागलं नाही. देशकरांचा चेहरा पडला. बिचाऱ्यांनी खरोखर पुस्तकातल्याप्रमाणे केलं होतं.

“मॅडम, मी येऊ का नको येऊ?” वंदनानं विचारलं. “साहेबानं बोलावलं तर यावंच लागते ना. न्हाई आली तर तो म्हणन, बघा, हिचं काही म्हणणंच न्हाई.”

“तुझं म्हणणं लेखी आहे. ते मी मांडते. तू येऊच नको.”

“रजा न्हाई मिळत उद्याची. त्याच बिल्डिंगीत माझं टेबल हाय.”

झालं. साहेबांनी सुनावणी ठेवली होती ती तिच्याच कार्यालयात. मग ठरलं, की ती लवकर येईल, मागच्या नकाशाच्या खोलीत बसेल आणि तो जाईपर्यंत बाहेर पडणार नाही. निघताना ती म्हणाली, “पोरीनं आत्ता कुठं मैत्रिणी केल्या, मॅडम. किती खेपा घर लावावं माणसानं?”

सकाळी पोहे-जिलेबी खाऊन कार्यालयात गेलो. नवरा आधीच आला होता. मी मनात एक राक्षस तयार ठेवला होता. निघाला एक नीटनेटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात संत्रा बर्फीचा खोका. “ताई, नागपूरहून आलात म्हणे. प्रवास ठीक झाला ना?” मला त्याचा रागही धड करता येईना, आणि त्याचाच जास्त राग आला.

अपिलाचे साहेब निवृत्तीला टेकलेले, गोड स्वभावाचे. सगळ्यांना चहा सांगितला. मी उभी राहिले आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून बोलले. घराचा पत्ता खाजगी. सार्वजनिक हित शून्य. जिवाला धोका. पोलिसात नोंद आहे. दवाखान्याचे कागद आहेत. साहेब मान डोलवत होते.

“मैडम, आप सही कह रही हैं. पता तो हम देंगे नहीं,” ते म्हणाले. “लेकिन घर का मामला है. पाँच मिनट आमने-सामने बैठ जाएँ, तो हो सकता है बात बन जाए.”

“सर, नहीं. मेरी आपत्ति दर्ज कीजिए,” मी हरकत घेतली.

“सुने जाने का हक़ तो उनका भी है न,” असं म्हणत त्यांनी घंटी वाजवली.

मी दाराकडे धावले म्हणा ना. पण शिपाई माझ्या पुढे गेला होता. आणि वंदना आयुष्यभर साहेबांची घंटी ऐकून उठलेली. तो ‘साहब बुला रहे हैं’ म्हणाला आणि ती आली. उंबऱ्यात थांबली. तिनं वाकडा कोपर दुसऱ्या हातानं धरला.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ओरडला नाही, उठलासुद्धा नाही. “बरी आहेस?” एवढंच विचारलं. मग साहेबांकडे वळून हात जोडले.

“साहब, मैं अपील वापस लेता हूँ.”

साहेबांचा चेहरा खुलला. “देखा मैडम? देखा?”

मी पाहिलं होतं. पत्ता मागायची त्याला आता गरजच नव्हती. ती कुठल्या इमारतीत येते ते त्याला कळलं होतं. पाच वाजता ती कुठल्या दारानं बाहेर पडणार आणि कुठे जाणार, ते त्याचं तो बघणार होता. साहेबांनी ‘अपील मागे घेतल्याने प्रकरण निकाली’ असं सांगितलं, स्टेनोनं टाइप केलं. कागदोपत्री मी जिंकले होते.

खाली आले तर तो फाटकासमोर झाडाखाली उभा. मी सरळ त्याच्यापाशी गेले.

“झालं ना तुमचं? आता जा.”

“ताई, मी रस्त्यावर उभा आहे,” तो शांतपणे म्हणाला. “रस्ता काही खाजगी नसतो ना?”

इतकी वर्षं कलमं पाठ केली, पण त्याच्या तोंडावर मारायला एक कलम त्या क्षणी सापडलं नाही. पुढे मी पोलीस ठाण्यात गेले, आवाज चढवला, तक्रार घ्यायला लावली. अंमलदार सभ्य होता. “अभी तक तो उसने कुछ किया नहीं है,” म्हणाला. अभी तक! दरम्यान देशकरांनी वंदनाला जीपमध्ये मागच्या सीटवर आडवं झोपवून बाहेर काढलं, मुलीला शाळेतून घेतलं आणि दोघींना आपल्या घरी नेलं. “आता माझ्याकडंच राहतील. कोण येतो बघू,” असं म्हणत त्यांनी दाराला आतून कडी घातली. साहेबांनी बदलीची शिफारस त्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहिली. मी समोर गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

परतीच्या गाडीत नर्मदा कधी गेली ते कळलं नाही. नागपूरला आमच्या साहेबांनी विचारलं, “भोपाळचं काय झालं?” म्हटलं, “निकाली.” “वा, छान,” म्हणाले आणि दुसरी फाइल सरकवली. प्रवासाला गेलं की माणूस ताजातवाना होऊन येतो म्हणतात. मी आले ती आणखी दमून. मी गुपितं राखते असं मला वाटायचं. पण आमच्या खात्यानं शहर दिलं, मग इमारत दिली, आणि प्रत्येक वेळी नियमानं दिली.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मॅडम, वंदना बोलून राहिली. ऑर्डर आली बदलीची. पोचलो आम्ही. पोरगी शाळेत जाते आता.”

“सुखरूप आहात ना?”

“हो जी. घर लहान हाय, पण खिडकीतून मोठं पाणी दिसते. तुम्ही या एकदा. कुठलं गाव ते सांगते, लिहून घ्या.”

पेन माझ्या हातातच होतं. तिच्या मागून लेकीचा आवाज येत होता, कुणाशी तरी खेळत होती. मला फार विचारावंसं वाटलं. एकदा जावं, तिच्या हातचं जेवावं असंही वाटलं.

“नको गं,” मी म्हणाले. “मलासुद्धा नको सांगूस.”

ती रडली. मीही रडले.