डावीकडचं गोंदण

अपेंडिक्स उजव्या बाजूला असतं. टेबलावर झोपलेल्या महादेवीचा व्रण डावीकडं होता, आणि तिची आई, वळसंगच्या काशीबाई, मला ठासून सांगत होत्या की लहानपणी पोरीचं अपेंडिक्स काढलंय.

मी तेव्हा सोलापूरच्या एका दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ होते. सत्तरचं दशक. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, आणि या बाई विचारत होत्या, पोरीला मूल होईल ना? लग्न ठरलेलं. मुलगा मोहोळचा.

व्रणाजवळून हिरवी वेल गोंदलेली होती, पार जांघेपर्यंत. गोंदतात ते हातावर, कपाळावर. पोटाच्या बाजूला कोण गोंदून घेतं?

"काशीबाई, खरं सांगा. हिला लाईट दिली होती का?"

त्या स्टूल ओढून बसल्या. "मुंबईला, बाई. चार वर्साची व्हती. किडनीला कॅन्सर. कुणालाच म्हाईत न्हाय. हिलाबी न्हाय."

महादेवी उठून बसली. आईकडं तिनं बघितलंच नाही.

लाईट म्हणजे रेडिएशन. ते गाठ मारतं, पण बीजकोशांवर पडलं तर बीजंही मरतात. रोज त्याच चौकोनात लाईट पडावी म्हणून कातडीवर शाईचे चार ठिपके टोचतात. बीजकोश खाली ओटीपोटात असतात. खालचे ठिपके कमरेच्या हाडाच्या वर असले, तर बीजकोश वाचले. खाली असले, तर मला बोलण्यासारखं काही उरत नव्हतं. आणि सासरी कुणी विचारू नये म्हणून या माउलीनं नेमके तेच ठिपके वेलीत बुजवले होते. मला भयंकर राग आला. महादेवीला परत झोपवून मी काशीबाईंना विचारलं,

"खालचे ठिपके कुठं होते?"

"लाईटच्या जागी पानी लावायचं न्हाय म्हनले व्हते. मीच अंग पुसायची की, तेवढा चौकोन सोडून."

त्यांनी डोळे मिटले. हातात फडकं असल्यासारखा हात पोरीच्या जांघेकडून वर सरकला आणि चौकोनाच्या खालच्या कडेशी थांबला. मी टॉर्च आणि भिंग घेतलं. हिरव्या पानात एक काळा ठिपका. त्याच ओळीत दुसरा. हाडाच्या दोन बोटं वर.

"पाळी वेळेवर येते?"

"येते," महादेवी म्हणाली.

"मग आशा आहे. खात्री मी देणार नाही. मूल दिवस भरायच्या आधी होऊ शकतं. आणि डावी किडनी काढलेली, एकच उरलीय, गरोदरपणात बीपी सांभाळायला लागेल. सासरी सांगावं लागेल."

"लगीन मोडंल, बाई."

"मोडू दे, अव्वा," महादेवी आईला म्हणाली. "मीच सांगते त्यास्नी."

पुढच्या आठवड्यात मोहोळचा मुलगा एकटाच ओपीडीत आला. खुर्ची दिली तरी बसेना. बीजकोश, ठिपके, हाड, सगळं समजावून सांगायची मी तयारी केली होती.

"महादेवीनं सांगितलं मला," तो म्हणाला. "तिचं दुखनं परत येईल का?"

"इतक्या वर्षांनी? शक्यता फार कमी."

"मग झालं," म्हणाला आणि गेला. मुलाबाळांचं त्यानं विचारलंच नाही.

त्यांना मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, एवढीशी, पण रडली खणखणीत.

तेव्हापासून समोर घाबरलेलं माणूस आलं की मी आधी विचारते, भीती नेमकी कशाची वाटते? डॉक्टर ज्याचं उत्तर पाठ करून बसलेले असतात, ते कधी कधी कुणी विचारतच नाही.