बारवेतले मासे

नारू ज्यानं पाहिला नाही, त्यानं पाहूसुद्धा नये. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि आतून दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय भप्प सुजायचा. निजामाचं राज्य गेलं, नारू काही गेला नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, दर उन्हाळ्यात अंथरुणाला खिळायच्या.

एका वर्षी हिवतापाची फवारणी करणारी माणसं आली. नारू तुमच्या बारवेच्या पाण्यातून येतो, हे त्यांनीच सांगितलं. सगळं गाव पायऱ्या उतरून तिथंच पाणी भरायचं. त्यांनी घराघरांच्या भिंतींवर औषध मारलं आणि डास, ढेकूण, साऱ्यांचा फडशा पडला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बघतच राहिले.

"एवढं भारी औषध हाय, तर नारू कुठला वाघ लागून गेला?"

त्यांनी त्याच औषधाची डबाभर पावडर मागून घेतली आणि बारवेत ओतली. पाणी साफ राहावं म्हणून वाडवडिलांनी सोडलेले मासे दुसऱ्या दिवशी पोटं वर करून तरंगत होते. जीव हळहळला. पण पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाईंच्या पायाला फोड आला नाही. मग काय! गावानं मामंजींना डोक्यावर घेतलं, आणि ते दरवर्षी डबा ओतू लागले.

नारू गेला तसं त्यांनी मनावर घेतलं, आता मासे परत सोडायचे. तेरणा नदीतून घागरीत आणले. तिन्हीसांजेला मेले. त्यांनी पावडर बंद केली. पावसाळा गेल्यावर पुन्हा आणले, पुन्हा मेले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पाणी मात्र नितळ, गोड, डाळ चांगली शिजवणारं.

"दिसत न्हाय, पर हाय," मामंजी म्हणायचे. त्यांना घास गोड लागेना.

मग ते पायरीवर बसून बायकांना अडवू लागले. बायका कशाला ऐकतात! "नारू घालवला तवा देव झाला, आता पाण्यावर भुजंग होऊन बसलाय," असं म्हणत बाजूनं उतरायच्या आणि भरून न्यायच्या. मला लई संताप यायचा, पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

माझी लेक तेव्हा रांगत होती. मामंजी रोज पहाटे लांब नदीवर जाऊन आमच्यासाठी कावडीनं पाणी आणायचे. स्वतः मात्र बारवेचंच प्यायचे. "ज्यानं टाकलं त्यानं प्यावं," एवढंच म्हणायचे.

पुढं पोटाच्या दुखण्यानं ते गेले. कशानं दुखत होतं, कुणी सांगितलं नाही. दिवस झाल्यावर मी नदीवरून आणलेलं पाणी आत्याबाईंपुढं ठेवलं. त्यांनी ते माझ्या लेकीच्या तांब्यात ओतलं.

"माझ्या पायासाठी टाकलं गं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता मी दुसरं पाणी कसं पिऊ?"

आणि घागर घेऊन, त्या धडधाकट पायांनी, बारवेच्या पायऱ्या उतरून गेल्या.